कुंपण नसलेले कुरण

मे १९५५ मध्ये कच्छच्या सरकारने एक अधिसूचना काढली. कच्छ तेव्हा मुख्य आयुक्तांच्या कारभाराखालचे वेगळे राज्य होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ चा आधार घेऊन बन्नीचा सगळा मुलूख ‘संरक्षित वन’ म्हणून जाहीर झाला. भुजच्या उत्तरेला, कच्छची मुख्य भूमी आणि मोठे रण यांच्या मध्ये पसरलेला हा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा सपाट पट्टा. त्यात वन म्हणावे असे फारसे काही नव्हते. तुरळक देशी बाभळी, पिलूची झुडपे आणि बाकी नजर पोचेल तिथवर गवत. हे गवत ज्यांच्या गुरांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले त्या मालधाऱ्यांचे दुसऱ्या दिवशीचे काम नेहमीसारखेच सुरू झाले. वनखात्याचा माणूस आला नाही, गुरे कुणी अडवली नाहीत. जमिनीचा कारभार महसूल खात्याकडेच राहिला. तरीही बन्नीच्या पुढच्या सत्तर वर्षांतल्या बहुतेक तंट्यांची मुळे शोधत गेले की या एका कागदापाशी येऊन थांबावे लागते.

दीड वर्षाने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी कच्छ मुंबई राज्यात सामील झाले. भुजचा कारभार १९६० पर्यंत मुंबईच्या सचिवालयातून चालला. बन्नीशी मराठी माणसाचा तेवढाच प्रशासकीय संबंध. आता आपल्याकडून जाणारे प्रवासी धोरडोच्या रणोत्सवाला जातात, चांदण्यात पांढरे रण पाहतात, वाटेत भिरंडियाऱ्याला थांबून मावा खातात. तो मावा ज्या दुधाचा, ते दूध देणाऱ्या म्हशी आणि त्या म्हशी पोसणारे कुरण मात्र गाडीच्या काचेपलीकडे राहून जाते. खरी गोष्ट तिथे आहे.

बन्नीत वर्षाला सरासरी तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या माणदेशातही याहून जास्त पडतो. शिवाय ही सरासरी फसवी आहे. एखाद्या वर्षी सगळा मुलूख पाण्याखाली जातो, पुढची दोन वर्षे ढग नुसते वरून निघून जातात. पाऊस पडला तरी सगळीकडे सारखा पडत नाही. एका वस्तीवर बरसतो आणि पाच कोसांवरची वस्ती कोरडी राहते. माती खारट, जमिनीखालचे पाणी त्याहून खारट. १६ जून १८१९ च्या भूकंपात वायव्येला जमीन उचलली जाऊन अल्ला बंध नावाचा लांबलचक उंचवटा तयार झाला, सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला आणि सिंधू नदीचे पाणी कच्छच्या बाजूला येणे जवळजवळ थांबले. त्यानंतर बन्नीची भिस्त राहिली ती आभाळावर आणि दक्षिणेच्या डोंगरांतून उत्तरेकडे वाहत येणाऱ्या लहान नद्यांवर. या नद्या पावसाळ्यात गाळ आणि गोडे पाणी घेऊन येत, मातीतले मीठ धुऊन नेत आणि त्यावर गवत उगवे.

अशा जमिनीवर कुणी शेत आखायचे ठरवले असते, तर तीन वर्षांत गाशा गुंडाळावा लागला असता. सिंध, बलुचिस्तान आणि मारवाडाकडून गेल्या चार-पाचशे वर्षांत इथे येऊन राहिलेल्या जमातींनी शेत आखले नाही. हालेपोत्रा, रायसीपोत्रा, नोडे, मुतवा, जत, हिंगोरजा, आणि त्यांच्यासोबत चामड्याचे व विणकामाचे कसब असलेले मेघवाळ, असा हा समाज. त्यांच्या वस्तीला वांढ म्हणतात. माल म्हणजे गुरेढोरे; ती बाळगणारे ते मालधारी. गवत कुणाच्याही नावावर नव्हते. जिथे पाऊस पडला तिथे गुरे जात, आणि ज्यांच्या वांढीभोवती पाऊस पडला ते शेजाऱ्याला अडवत नसत, कारण पुढच्या वर्षी आपल्यालाच त्याच्याकडे जावे लागणार हे दोघांनाही माहीत असे. सगळीकडेच दुष्काळ असला तर कळप घेऊन सिंधकडे निघायचे. १९४७ च्या फाळणीने ही वाट आखडली आणि १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात लढाई झाल्यावर ती पुरती बंद झाली. शेकडो वर्षांचा दुष्काळातला आसरा एका सीमारेषेपलीकडे गेला, याची नोंद युद्धाच्या इतिहासात सहसा होत नाही.

पाण्याची व्यवस्था तर थक्क करणारी. पावसाळ्यात सखल भागात पाणी साचते, झिरपते आणि खारट भूजलावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो, कारण गोडे पाणी हलके असते. मालधाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली. तळे आटले की ते त्याच्या तळाशी उथळ विहिरी खणत. याच त्या विरडा. कडा ढासळू नयेत म्हणून आत लाकडाची चौकट बसवायची, तिच्या पोटात गवताचा थर द्यायचा म्हणजे गाळ अडतो आणि पाणी गाळून आत येते. फार खोल खणले तर खारे पाणी वर येते, म्हणून थांबायचे कुठे हे कळणारा माणूस लागतो. उपसाही बेताचा ठेवावा लागतो. विरडा राखणे म्हणजे कुरण राखणे होते, कारण जिथे पिण्याचे पाणी नाही तिथले गवत कितीही उंच वाढले तरी कळप तिथे मुक्काम करू शकत नाही. गवतावर पहारा ठेवायची गरज या पाण्यामुळेच कमी झाली असावी, असे मला वाटते.

कच्छच्या रावांनी या व्यवस्थेत फारशी ढवळाढवळ केली नाही. बन्नी चराईसाठी राखीव होती, तिथे नांगर चालवायला बंदी होती आणि मालधाऱ्यांकडून चराईचा कर घेतला जाई. राजाला इथून हवे होते ते तूप आणि बैल. बन्नीचे कांकरेज बैल नावाजलेले. सौराष्ट्र आणि गुजरातच्या मैदानातले शेतकरी त्यांचे खरेदीदार. जिंजवो आणि धामण या गवतांवर पोसलेली ही जनावरे. जिंजवो म्हणजे आपल्याकडचे मारवेल. सोलापूर-नगरकडच्या मेंढपाळालाही त्याची किंमत सांगावी लागणार नाही. बन्नीत चाळीसच्या आसपास जातींचे गवत मिळते असे वनस्पतिशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे, आणि आशिया खंडातल्या उत्तम कुरणांमध्ये तिची गणना होत असे.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा एक निबंध गाजला. सामायिक कुरणावर प्रत्येक गुराखी आपले एक-एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपते, अशी त्याची मांडणी. जगभरच्या नियोजनकारांनी ती उचलून धरली. सामायिक म्हणजे बेवारस आणि बेवारस म्हणजे नष्ट होणार, हा समज त्यातून सरकारी फायलींत पक्का झाला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभराच्या अभ्यासातून उलट दाखवले: लोक सामायिक साधनांसाठी नियम करतात, ते पाळतात आणि पाळायलाही लावतात. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हार्डिनचा निबंध आला तेव्हा बन्नीचे गवत खरोखरच कमी होऊ लागले होते. पण त्याचे कारण गुराख्यांची हाव नव्हती.

१९६० मध्ये गुजरात राज्य झाले. १९६१ च्या सुमारास वनखात्याने बन्नीत प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा या झाडाची लागवड सुरू केली. मध्य व दक्षिण अमेरिकेतले हे काटेरी झाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी भारतात आणले होते. महाराष्ट्रात त्याला वेडी बाभूळ म्हणतात, कच्छमध्ये गांडो बावळ. वेडेपणा दोन्हीकडे एकच. रणाचे मीठ कुरणाच्या दिशेने सरकते आहे, ते झाडांची भिंत उभी करून थोपवावे, असा हेतू होता. हेतूबद्दल मला शंका नाही. सुमारे एकतीस हजार हेक्टरांवर हे झाड लावले गेले. ज्यांची गुरे तिथे चरत होती त्यांच्या अनुभवाला या निर्णयात जागा नव्हती. विचारले असते, तर शेंगा कोण खाणार आणि शेणातून बी कुठे कुठे पडणार, हे कुणाही म्हाताऱ्या मालधाऱ्याने बसल्या जागी सांगितले असते.

झाले तेच. शेंगा गोड असतात, गुरे त्या आवडीने खातात, बी पचत नाही आणि शेणासोबत मैलोन्‌मैल पसरते. दुष्काळात गवत संपले की जनावर शेंगांवरच जगते, म्हणजे प्रत्येक दुष्काळ या झाडाचा पेरणीचा हंगाम ठरला. त्याच काळात दक्षिणेच्या नद्यांवर रुद्रमाता, निरोणा यांसारखी धरणे झाली. भुज आणि भोवतालच्या गावांना पाणी मिळाले, पण बन्नीत उतरणारे गोडे पाणी आणि गाळ आटला. मातीतले मीठ धुऊन निघेना. मीठ वाढले की देशी गवत मागे हटते आणि वेडी बाभूळ पुढे सरकते, कारण तिला खारट जमीन चालते. अशा रीतीने खाऱ्या मातीविरुद्ध आणलेले झाड खाऱ्या मातीच्या आधारानेच फोफावले. निम्म्याच्या आसपास बन्नी आज त्याच्याखाली आहे.

गुरांवरही त्याचा परिणाम झाला. कांकरेज गाईंना या शेंगा सोसत नाहीत. त्या खाऊन जनावरे आजारी पडत, दगावत. म्हशींना त्या तितक्या बाधत नाहीत. दुसरीकडे शेतात ट्रॅक्टर आले आणि बैलांना गिऱ्हाईक उरले नाही. एका पिढीच्या आत गाईंवर जगणारा मालधारी म्हशीवाला झाला. बाहेरून पाहणाऱ्याला हा व्यवसायातला साधा बदल वाटेल. ज्या समाजाची लग्ने, देणीघेणी आणि प्रतिष्ठा बैलांच्या जोडीवर ठरत आली होती, त्याच्यासाठी तो केवढा मोठा होता याचा अंदाज आपल्याकडच्या खिलार पाळणाऱ्यांना येऊ शकेल.

या सगळ्या काळात बन्नीचा धनी कोण, हा प्रश्न अधांतरी होता. कागदावर १९५५ पासून संरक्षित वन, प्रत्यक्षात ताबा महसूल खात्याकडे. वनखात्याकडे तो रीतसर गेला १९९८ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. दरम्यानच्या काळात वनखाते म्हणे जमीन आमच्याकडे आलेली नाही, महसूल खाते म्हणे ही जमीन वन आहे. मालधाऱ्यांची जुनी पंचायत मात्र हळूहळू निष्प्रभ होत गेली, कारण कुणी नियम मोडला तर त्याला आवरायला तिच्यामागे ना राजा राहिला होता ना कायदा. वाडे याच पोकळीत उभे राहिले. वाडा म्हणजे कुरणाचा तुकडा काट्यांनी घेरून, चर खणून केलेले खासगी शेत. त्यातले काही बाहेरच्यांचे होते आणि काही खुद्द बन्नीतल्यांचे, हे लपवण्यात अर्थ नाही. गांडो बावळ तोडून कोळसा पाडण्याचा धंदाही असाच वाढला. २००४ मध्ये तोडीवरची बंदी सैल झाली, कोळशाच्या भट्ट्या धडाधड लागल्या, आणि २००८ मध्ये पुन्हा बंदी आली. गरीब कुटुंबांच्या हाती त्यातून पैसा आला हे खरे. पण झाड मुळासकट न काढता वरून तोडले की त्याला चौपट फुटवे येतात, हेही तितकेच खरे.

वन अधिनियमाने कुरणाला वन म्हणावे आणि गुराख्याला उपरा ठरवावे, हे मराठी वाचकाला नवे नसावे. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गावोगावची गायराने जंगलखात्याने गिळल्याची तक्रार आहे. बन्नीत ही प्रक्रिया सत्तर वर्षे उशिरा सुरू झाली, एवढेच.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त झाले. पुनर्बांधणीच्या निमित्ताने रस्ते आले, संस्था आल्या, पुढे दूध गोळा करणाऱ्या डेअऱ्या आल्या. २००९ मध्ये कच्छ जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, म्हणजे सरहद डेअरी, उभा राहिला. पूर्वी बन्नीत दुधाचा मावा किंवा तूप करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता दूध दूध म्हणूनच विकता येऊ लागले. म्हशीची किंमत चढली. आणि मालधारी पहिल्यांदाच एका झेंड्याखाली आले: २००८ मध्ये ‘बन्नी पशु उच्छेरक मालधारी संगठन’ स्थापन झाले. होडको गावी त्यांनी पशुमेळा भरवायला सुरुवात केली. भुजच्या सहजीवन या संस्थेची त्यांना साथ होती.

संगठनाने पहिले काम हाती घेतले ते म्हशीचे, आणि त्यामागची दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. दुहेरी वळण घेतलेल्या शिंगांच्या, दुष्काळ आणि काटे दोन्ही सोसणाऱ्या या म्हशीला सरकारी दप्तरात स्वतंत्र नाव नव्हते. २०१० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने बन्नी ही म्हशीची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. स्वातंत्र्यानंतर नोंदली गेलेली ही म्हशीची पहिलीच नवी जात. जातीची निवड, वळू राखणे, चरण्याच्या सवयी हे सारे शेकडो वर्षे मालधाऱ्यांनी सांभाळले होते. त्या ज्ञानाला सरकारी मोहोर मिळाली. आणि जात मान्य झाली की ती जिथे घडली ते कुरण वाचवण्याचा मुद्दाही बळकट होतो.

हा मुद्दा लगेच उपयोगी पडला. २००९ च्या सुमारास वनखात्याने बन्नीसाठी कार्य आराखडा केला होता. कुरणाचे तुकडे पाडायचे, ते कुंपणाने बंद करायचे आणि पाळीपाळीने गवत वाढवायचे, असा त्याचा रोख. पावसाची खात्री असलेल्या प्रदेशात हे कदाचित चालेल. बन्नीत पाऊस कुठे पडेल हेच आधी माहीत नसते, मग बंद करायचा तुकडा नकाशावर कुणी आणि कसा निवडायचा? त्यात बन्नीची म्हैस रात्री चरते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून संध्याकाळची धार काढली की कळप निघतो, बहुतेकदा गुराख्याविना, रात्रभर मैलोन्‌मैल फिरतो आणि पहाटे धारेच्या वेळेला आपापल्या वांढीवर परततो. वाट पुढच्या जाणत्या म्हशीला ठाऊक असते. तिच्या वाटेत तार आली तर सगळी घडीच विस्कटते. ‘बन्नी को बन्नी रहने दो’ ही घोषणा तेव्हा उठली. मागणी साधी होती: आम्हाला जमिनीचे तुकडे नकोत, सातबाऱ्यावर नाव नको, सगळ्या कुरणावर सगळ्यांचा सामुदायिक हक्क लिहून द्या.

२००६ च्या वनहक्क कायद्यात याला जागा होती. या कायद्यात चराईचा हक्क आहे, भटक्या पशुपालकांचा उल्लेख आहे, आणि सामुदायिक वनसंपत्ती राखण्याचा व तिचे व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्कही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये याच कायद्याखाली सामुदायिक हक्क मिळवला, ती बातमी देशभर पोचली होती. मालधारी आदिवासी नाहीत, त्यामुळे ‘अन्य पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागणार होते. कायदा जुन्या सरकारी नोंदी ग्राह्य धरतो आणि वडीलधाऱ्यांचे जबाबही. गावोगावी वनहक्क समित्या झाल्या, बैठका झाल्या, नकाशे काढले गेले आणि २०१३ च्या सुमारास ४७ दावे दाखल झाले. या दाव्यांचे वेगळेपण असे की त्यांनी बन्नीची वाटणी मागितली नाही. गावागणिक सीमा आखून घेतल्या असत्या तर काम सोपे झाले असते. पण पाऊस सीमा पाळत नाही, हे म्हाताऱ्यांनी बैठकांत पुन्हा पुन्हा सांगितले असणार. दावे उपविभागीय पातळीवर मान्य झाले. हक्कपत्रे मात्र हाती आली नाहीत.

इकडे वाडे वाढतच होते. २०१८ मध्ये संगठनाने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. एरवी वनहक्कांच्या वादात सरकार अतिक्रमण झाल्याची तक्रार करते आणि लोक बचाव करतात. इथे लोकच म्हणत होते की कुरणावरचे अतिक्रमण हटवा, त्यात आमच्यातला कुणी असला तरी हटवा. आपल्याच भाऊबंदांविरुद्ध असे उभे राहायला काय लागते, हे गावकीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये लवादाने बन्नीत वनेतर कामांना अंतरिम मनाई केली. मे २०२१ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांत अतिक्रमणे काढावीत, आणि वनहक्क कायद्यानुसार या वनाचे जतन करण्याचा मालधाऱ्यांचा हक्क कायम राहील. त्रेचाळीस वर्षे धनी नसलेल्या कुरणाबद्दल एका न्यायासनाने इतक्या स्पष्टपणे बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

निकालाच्या कागदाने वाडे आपोआप मोडले नाहीत. मोजणी, नोटिसा, पुन्हा मोजणी असे रेंगाळत काम चालले. मध्येच, २०२३ च्या अखेरीस, बन्नीत चित्त्यांचे प्रजनन केंद्र उभारण्याची योजना पुढे आली. त्यासाठी पाचशे हेक्टरांचे कुंपण. चित्त्याबद्दल मालधाऱ्यांचे वैर नाही, लांडगा आणि तरस त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. त्यांचा प्रश्न कुंपणाचा आहे, आणि हक्कपत्रे देण्याआधीच कुरणाचे निर्णय कोण घेते आहे, हा आहे.

दरम्यान काही ग्रामसभांनी आपल्या परीने काम सुरू केले. ठरलेल्या तुकड्यावरची गांडो बावळ यंत्राने मुळासकट उपटायची, देशी झाडे आणि पिलू तसेच ठेवायचे, जमीन थोडी उकरून जिंजवो, धामण यांचे बी टाकायचे आणि पावसाळाभर तिथे गुरे सोडायची नाहीत. पहिल्या चांगल्या पावसात गवत गुडघाभर येते. ते कापून उन्हाळ्यासाठी साठवायचे की गुरे सोडायची, आणि ज्या कुटुंबाकडे जनावरे थोडी आहेत त्याला किती द्यायचे, हे ग्रामसभा बसून ठरवते. मुळाचा बारीकसा तुकडा राहिला तरी झाड पुन्हा येते, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे पावसानंतर माणसे कुदळी घेऊन त्या जमिनीवर फिरतात आणि कोवळी रोपे दिसतील तिथून खणून काढतात.